चाळीस पोती शांतता

गावाचं नाव मी सांगणार नाही. नगर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथल्या मंडळींना वाटायचं, निसळ भाऊसाहेबांनी आपल्याला माफ केलं. आणि मी तसं काही केलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की शेजाऱ्याचा विचार करणाऱ्या माणसाचं या जगात भलं होत नाही. जो पहाटे चारला लाउडस्पीकर लावून सगळी आळी उठवतो, त्याला लोक उत्सवाचा अध्यक्ष करतात. जो आपल्या वाद्याचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून जिवाचं रान करतो, त्याच्या दारात सरकारी जीप येऊन उभी राहते.

बहात्तर साल सरून त्र्याहत्तर लागलं होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. मी तहसील कचेरीत पुरवठा शाखेत कारकून होतो. या शाखेला 'पुरवठा' हे नाव ज्यानं दिलं त्याला त्या वर्षी आणून माझ्या खुर्चीवर बसवायला हवा होता. माझं दिवसभराचं काम म्हणजे समोर येईल त्याला "मिलो आलेला नाही, सोमवारी या" म्हणून सांगणं. मिलो म्हणजे अमेरिकेतून येणारी ती लाल ज्वारी. एरवी कुणी ती कोंबड्यांपुढं टाकली नसती, पण त्या वर्षी तिच्यासाठी बायाबापड्या सकाळपासून कचेरीच्या पायऱ्यांवर बसून असायच्या. सोमवारी त्या यायच्या आणि मी गुरुवार सांगायचो. असा दिवस काढल्यावर संध्याकाळी अर्धा तास क्लॅरोनेट वाजवलं नाही, तर मी घरी बायकोलाही "सोमवारी या" म्हणालो असतो. एकदा म्हणालोही होतो. तिनं जेवायला वाढलं होतं.

हे क्लॅरोनेट मी नगरला, लग्नाच्या बँडमधून बाहेर पडलेल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतलं होतं. वाद्य जुनं, पण सूर खणखणीत. त्या खणखणीतपणानंच घात केला. सतार हळू वाजवता येते, पेटीचा भाता हळू मारता येतो. क्लॅरोनेट एक तर वाजतं, नाही तर वाजत नाही. मधली सोय देवानं ठेवलेली नाही. मी भूप वाजवायचो. सहा महिने भूपच वाजवत होतो, कारण त्याला पाचच सूर लागतात आणि त्यातले चार मला चांगले येत होते. पण त्या अर्ध्या तासात कचेरीच्या पायऱ्या माझ्या डोळ्यांपुढून जायच्या, हे खरं. दुसऱ्या कशानं त्या जात नव्हत्या.

आता आमची मारुती आळी. डावीकडं झुंबरबाई आणि त्यांची म्हैस. उजवीकडं चांदभाई, गावातल्या टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवणारे. समोर शाळामास्तर राधाकृष्ण गुरुजी. यांतल्या एकानंही मला कधी "वाजवू नका" म्हटलं नाही, आणि माझा राग त्यावरच आहे. सरळ भांडले असते तर मीही दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण एके दिवशी झुंबरबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. पावसाचं बोलल्या. दोन्ही मुलं खडी फोडायला गेलीत, सुना नाल्याच्या कामावर गेल्यात, घरात नातवंडं आणि मी, असं सगळं सांगून झालं. आणि जाता जाता म्हणाल्या, की म्हैस अलीकडं पान्हा चोरते. माझ्या बायकोनं, मालतीनं, कधीपासून म्हणून विचारलं.

"दिवेलागनीला भाऊसाहेब ती पिपानी काढत्यात ना, तवाधरनं," झुंबरबाई म्हणाल्या. "पर ऱ्हाऊ द्या. वाजवू द्या त्यास्नी. म्हशीला काय, हुईल सवय."

पिपाणी. जत्रेत पोरं फुंकतात ती. आणि म्हशीला सवय होईल! ती म्हैस त्या वर्षी कारखान्याकडून आणलेल्या उसाच्या वाढ्यांवर कशीबशी जगत होती. तिच्या बरगड्या आमच्या खिडकीतून मोजता येत होत्या. तिच्या दुधाचा दोष माझ्या भुपावर यावा? पण मी हे बोललो नाही. मी पडलो हळवा माणूस. आपल्या सुरामुळं एका मुक्या जनावराच्या पोटात कालवाकालव होते ही कल्पनाच मला सहन होईना.

मी खिडक्या लावल्या. मग दारं लावली. मग डोक्यावरून गोधडी घेऊन वाजवू लागलो. मालती चहा घेऊन आली, ती कप खाली ठेवून गेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ हसत राहिली. राधाकृष्ण गुरुजींना शेजारधर्माचा मोठा कळवळा. ते म्हणाले, वाद्याच्या तोंडात कापूस कोंबा. कोंबला. खालचा सूर गेला आणि वरचे किंचाळायला लागले. गुरुजींनी विचार करून दुसरा उपाय सांगितला: फुंकूच नका, नुसती बोटं फिरवा आणि सूर मनात ऐका, रियाज तो रियाजच. हे मी दोन दिवस केलं. मनातला माझा भूप फार उत्तम होता, पण डोळ्यांपुढच्या पायऱ्या काही हलेनात.

शेवटी चांदभाईंनी वाट दाखवली. टॉकीजमध्ये आवाज घुमू नये, बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना बारदान ठोकलेलं असतं, असं ते सहज बोलून गेले. माझ्या डोक्यात उजेड पडला. नुसतं रिकामं बारदान एवढा आवाज खात असेल, तर भरलेलं पोतं किती खाईल? हा विचार शास्त्रीय होता. त्यात काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

सरकारी गोदामातल्या जुन्या रिकाम्या पोत्यांचा लिलाव व्हायचा. मी रीतसर बोली लावली, रीतसर पावती घेतली आणि चाळीस पोती उचलली. ती होती मिलोची. प्रत्येकावर निळ्या शाईत इंग्रजी अक्षरं आणि अमेरिकन मदतीचं ते हातात हात घातल्याचं चित्र. आता त्यांत भरायचं काय? भुसा भरला असता, पण दुष्काळात गुरांच्या तोंडचा भुसा काढून आपल्या भिंतीला लावणं मनाला पटेना. पाहा, इथंही मी दुसऱ्याचाच विचार केला. गावाबाहेर शेंगा फोडायच्या गिरणीमागं भुईमुगाच्या टरफलांचा ढीग दोन वर्षं पडून होता. त्याला ना माणूस खात होता ना जनावर. मालक म्हणाला, उचलून न्या, जागा तरी मोकळी होईल. मी पोती दाबून दाबून भरून घेतली.

गाडी आणली ती भर दुपारी एकला. का, तर त्या वेळी आळी डुलकी काढते, आणि कुणाची झोप मोडू नये. चारही हमालांना मी बजावलं होतं: तोंडातून शब्द काढायचा नाही, पायांचा आवाज करायचा नाही. बारदान जुनं, उसवू नये म्हणून एकेका पोत्याला दोघं दोघं लावले. माझी ती माणसं टाचा उचलून, श्वास धरून, पोती अलगद घरात नेत होती आणि मी ओठांवर बोट ठेवून ओट्यावर उभा होतो. आळीत चिटपाखरू नव्हतं. त्या दुपारी आळीत एकही माणूस झोपलेला नव्हता, हे मला पुढं कळलं. प्रत्येक खिडकीच्या फटीला एकेक डोळा लागलेला होता.

कोठीच्या खोलीत तळापासून आढ्यापर्यंत पोती लागली. मधे एक स्टूल ठेवण्यापुरती जागा उरली. मालतीला अंगणात उभं करून मी आतून जीव तोडून वाजवलं. बाहेर येऊन विचारलं, तर म्हणाली, "काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. किती छान." हे ती जितक्या आनंदानं म्हणाली तितक्या आनंदाची गरज नव्हती. मी तिला एवढंच बजावलं, की आत काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. आपण त्यांच्यासाठी एवढं केलं हे कळलं तर लोकांना उगाच उपकार वाटायचे. मला उपकार दाखवायला आवडत नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. खोलीत उकडायचं इतकं, की मी बनियन काढून वाजवायचो. पण वाजवायचो मोकळ्या छातीनं. आळीचंही वागणं पालटलं. गुरुजी समोरून आले की थांबून नमस्कार करायचे. "तुमच्यासारखी माणसं आळीत आहेत, याचा आधार वाटतो," असं एकदा म्हणाले. चांदभाईंच्या घरातून शमशादभाभींनी मालतीला विचारलं, की घरात माणसं तुम्ही दोघंच ना, लागतं तरी किती? मालतीला वाटलं, तेलाबद्दल विचारताहेत. झुंबरबाईंनी तर त्या आटलेल्या म्हशीचं वाटीभर ताक आणून दिलं आणि म्हणाल्या, "लक्ष असू द्या गरिबावर." मी म्हटलं, शांततेची किंमत लोकांना कळते आहे. मी ताक प्यालो.

आणि एक दिवस माझ्याच टेबलावर एक निनावी अर्ज आला. मारुती आळीत एका सरकारी माणसाने चाळीस पोती मिलो घरात दडवला आहे. आम्ही गरिबांनी काय खावे. तरी मेहेरबान साहेबांनी माल जप्त करून नियमाप्रमाणे जागेवरच वाटप करावे. खाली सही, 'समस्त आळीकर'. अक्षर वळणदार, ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक.

माझं रक्त तापलं. आमच्या आळीत! जिथं मी रोज राहतो, जिथं मी लोकांच्या झोपेचीसुद्धा काळजी घेतो, तिथं हा नराधम कोण? शाळामास्तर सोडले तर आळीत सरकारी माणसं दोनच. एक मी, आणि दुसरे पाटबंधारे खात्यातले सहादेवराव. म्हणजे प्रश्न उरलाच नाही. सहादेवरावांकडं पाहुणे फार यायचे हे मी पाहिलं होतं. तुम्ही म्हणाल, चाळीस पोती वाचून तुम्हांला काही आठवलं कसं नाही? नाही आठवलं. माझ्या लेखी माझ्या घरात पोती नव्हतीच. तिथं भिंत होती.

मी अर्जाला आवक नंबर टाकला आणि नोकरीतली सगळ्यात जोरदार टिपणी लिहिली. "सदर इसम हा समाजकंटक असून त्यास तात्काळ उघडा पाडणे लोकहिताचे आहे. विलंब झाल्यास माल हलविला जाण्याचा संभव आहे. दोषी सरकारी नोकर असल्यास निलंबन व्हावे असे नम्र मत आहे. सादर." तहसीलदारसाहेबांनी टिपणी दोनदा वाचली. "निसळ, तुमच्यात एवढी आग आहे हे माहीत नव्हतं," म्हणाले आणि सही केली. शुक्रवारी चार वाजता छापा ठरला.

माझी काही गरज नव्हती, तरी मी इस्त्रीचा शर्ट घालून जीपमध्ये पुढं बसलो. पुरवठा निरीक्षक श्रीमंत शेळके बरोबर होते. चार वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो होतो. मागं दोन पंच आणि कोतवाल. जीप मी थेट सहादेवरावांच्या दारात नेली. त्यांच्या घरात एक खाट, खाटेवर त्यांच्या सासूबाई आणि डब्यात दोन मापटी बाजरी निघाली. सासूबाईंना खाटेवरून उठवावं लागलं. सहादेवरावांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मी आजही विसरलेलो नाही.

तोवर आळी जमा झाली होती. शेळक्यांनी झुंबरबाईंना विचारलं, माल कुठं आहे? त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या, "आता म्या कशाला कुनाचं नाव घिऊ?" आणि त्यांनी हळूच मान वर करून आमच्या दाराकडं पाहिलं. गुरुजींनी पाहिलं. चांदभाईंनी पाहिलं. सगळे आमच्या दाराकडं पाहू लागले, तेव्हा मीही पाहिलं. आणि मला ती पोती आठवली.

कोठीचं दार उघडलं तेव्हा पंचांपैकी एकाच्या तोंडून "आई गं" निघालं. आढ्यापर्यंत मिलोची पोती, प्रत्येकावर हातात हात. मी शेळक्यांना समजावून सांगितलं, की ही पोती क्लॅरोनेटसाठी आहेत. शेळक्यांनी खिशातून माझीच टिपणी काढली, निलंबनाच्या ओळीवर बोट ठेवून मला दाखवली आणि परत खिशात ठेवली. मी चांदभाईंकडं धाव घेतली. यांना सांगा, टॉकीजमध्ये पोती असतात की नाही?

"असतेत की," चांदभाई म्हणाले. "पर रिकामी असतेत भाऊसाहेब. भरलेली कोन लावल?"

शेळके कायद्याचा माणूस. पंचनाम्याच्या कागदात 'साठ्याचे प्रयोजन' असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय त्यांना पुढं जाता येईना. तेव्हा प्रात्यक्षिक ठरलं. मी आत जाऊन दार लावून वाजवायचं, पंचांनी बाहेरून ऐकायचं. मी वाजवलं. इतकं कळवळून मी कधी वाजवलं नसेल. दार उघडलं तर शेळके लिहीत होते: 'सदर इसमाने वाद्य वाजवल्याचे पंचांस आढळून आले नाही.' मी म्हटलं, अहो, ऐकू आलं नाही हाच तर पुरावा. ते म्हणाले, ऐकू न आलेल्या गोष्टीचा पुरावा कसा होईल? बरं, पंच आत आले. मी पुन्हा वाजवलं. दोघांनी कानांवर हात ठेवले आणि कागदावर आलं: 'वाद्याचा आवाज स्पष्ट येत असल्याने पोत्यांमुळे आवाज थांबतो हे म्हणणे खोटे ठरते.' या देशात न्याय मागणाऱ्या माणसाचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग पोती फोडायचं ठरलं. पहिलं पोतं अंगणात आणून कोतवालानं सुरी घातली. टरफलं. शेळके म्हणाले, वर टरफलं असतील, खाली मिलो असेल. पोतं उलटं केलं. टरफलं. दुसरं. टरफलं. दहाव्या पोत्यापर्यंत गर्दीतून पुटपुट येत होती, विसाव्यानंतर ती थांबली. चाळिसावं पोतं रिकामं झालं तेव्हा अंगणात कमरेइतका ढीग होता. शेळक्यांनी रकान्यात 'प्रयोजन: अनाकलनीय' लिहिलं, पंचांचे अंगठे घेतले आणि माझी नोकरी वाचली.

नोकरी वाचताच माझा ताबा सुटला. मी ओट्यावर चढलो आणि तीन आठवड्यांचं, खरं तर सहा महिन्यांचं, सगळं बोललो. ज्यांची झोप मोडू नये म्हणून मी हमालांना टाचांवर चालवलं, ज्यांच्या म्हशीसाठी मी गोधडीत गुदमरलो, त्यांनी मला चोर ठरवावं? चाळीस पोती दडवणारा राक्षस ठरवावं? गुरुजींनी मान खाली घातली होती. त्यांचं अक्षर मला आता ओळखू येत होतं.

"चोर कोन म्हन्लं तुमास्नी?" झुंबरबाई म्हणाल्या. "आमाला वाटलं, तुमच्याकडं हाय. हाय तर आमास्नी बी थोडं मिळंल. मागायचं कसं तुमच्याजवळ, म्हनून गुर्जींनी कागद लिवला. तुमास्नी तरास नको म्हनून नाव बी घातलं न्हाई."

त्यांच्या काखेत एक घडी केलेली पिशवी होती. मी पाहिलं, तर शमशादभाभींच्या हातात पिशवी होती. गुरुजींच्या पाठीमागं पत्र्याचा डबा होता. कोतवालाच्या धोतरातसुद्धा एक पिशवी खोचलेली होती. सगळी आळी माझ्या अटकेला आली नव्हती, ती मिलो न्यायला आली होती. आणि मी टरफलांचा निघालो. मी निर्दोष ठरल्याचा त्या गर्दीत एकालाही आनंद झालेला नव्हता, आणि तो का व्हावा हे मला सांगता येईना. मला लाज वाटली. राग तसाच होता, पण त्याला जायला जागा राहिली नाही. रोज पायऱ्यांवर बसणारी माणसं आज माझ्या अंगणात उभी होती, आणि मी त्यांना सोमवारही सांगू शकत नव्हतो.

कुणी हलेना. पिशव्या काखेत धरून सगळे त्या ढिगाकडं बघत राहिले. शेवटी चांदभाई म्हणाले, एवढी माणसं जमलीच आहेत तर भाऊसाहेब, वाजवा तरी. मला वाटलं, आपल्याकडं द्यायला दुसरं आहे काय? मी ओट्यावर बसलो, डोळे मिटले आणि भूप धरला. मनापासून सांगतो, त्या दिवशी पाचवा सूरही लागला असावा. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्यापुढं माणसं बसली होती. मी रंगून गेलो.

पाचेक मिनिटांनी सळसळ ऐकू आली. डोळे उघडले तर सगळी आळी कामाला लागली होती. शमशादभाभी दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड धरून उभ्या होत्या, गुरुजी आपल्या डब्यानं टरफलं आत लोटत होते, चांदभाई सुतळीनं पोती शिवत होते आणि सहादेवराव भरलेली पोती पाठीवर घेऊन कोठीत नेऊन रचत होते. मी वाजवायचा थांबलो.

"तुमी वाजवा भाऊसाहेब," झुंबरबाई पोतं दाबत म्हणाल्या. "आमी भरतो."

दिवेलागणीच्या आत चाळीसची चाळीस पोती भिंतीला लागली. मला क्लॅरोनेटसकट आत स्टुलावर बसवून दार झुंबरबाईंनी स्वतः ओढून घेतलं.